समोरच्याच्या डोळ्यांत

पार्मेनियो बारिनासला दिसेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट त्याने कुणालाही कळू दिली नव्हती.

दिवसा निभावून जायचं. तोता सरोवराच्या काठचा रस्ता त्याला पाठ होता. शेतातून पातीच्या कांद्याच्या जुड्या ट्रकमध्ये भरायच्या, डोंगर उतरून सोगामोसोच्या बाजारात टाकायच्या आणि परत यायचं, यातच त्याचं वय झालं होतं. पण ऊन कललं की रस्त्याची कडा विरघळायला लागायची. कुठे डांबर संपतं आणि कुठे गवत सुरू होतं, ते अंदाजाने ठरवावं लागायचं. आणि कांद्याचे ट्रक तर निघायचेच दिवस मावळताना.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय. ऑपरेशनने फरक पडणार नाही. अंधारात गाडी चालवणं बंद करा." घरी येऊन त्याने बायकोला, हर्सिलियाला सांगितलं की थेंब दिलेत. आणि स्वतःला सांगितलं की दोष डोळ्यांचा नाही, ट्रकच्या दिव्यांचा आहे.

दिवे खरोखर जुने होते. पिवळट, मरतुकडे. एका दुपारी तो दुवानकडे गेला. गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा हा गडी तोंडाने फटकळ होता, पण हात साफ होता.

"काका, हे दिवे आहेत की देवळातल्या उरलेल्या मेणबत्त्या?" काच उघडता उघडता तो म्हणाला. "एवढ्या उजेडात कांदा चोरायला बरं पडेल, विकायला नाही."

"बडबड कमी कर. ते पांढरे बसव. एलईडी."

"बसवतो की. सगळेच बसवून घेतायत. पण ऐका, तुमच्या दिव्याचा हा डबा जुन्या बल्बसाठी बनवलेला आहे. यात एलईडी घातला की उजेड फाकतो, कुठेही उडतो. म्हणून मी रोख खाली ठेवतो."

त्याने बल्ब बसवले, ट्रक भिंतीसमोर उभा केला आणि पेचकस फिरवत दोन्ही दिव्यांचा रोख खाली आणला. संध्याकाळी पार्मेनियो एक फेरी मारून परत आला. चाकांपुढचं डांबर दुधासारखं उजळत होतं, पण त्याच्या पुढे त्याला काहीच दिसत नव्हतं.

"वर कर," तो म्हणाला.

"काका, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल."

"समोरच्याने आपलं बघावं. माझा ट्रक, माझे दिवे. वर कर म्हटलं ना!"

दुवानने खांदे उडवले आणि पेच उलटा फिरवला.

त्या संध्याकाळी पार्मेनियोला रडू यायचंच बाकी राहिलं. सगळं परत आलं होतं. कांद्याच्या पातीची टोकं, तारेच्या कुंपणावर वाळत घातलेलं पोतं, नाल्याच्या कडेला बसलेल्या कुत्र्याचे चमकणारे डोळे, वळणावरच्या दगडावर कुणीतरी खडूने काढलेला क्रूस. समोरून येणारे डिपर मारायचे, हॉर्न वाजवायचे. एका बसवाल्याने तर खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याच्या आईचा उद्धार केला. पार्मेनियो हसला. जळतात लेकाचे, त्याला वाटलं. हर्सिलिया म्हणाली, "अहो, एवढा झगमगाट झालाय की कोंबडे पहाट झाली समजून आरवतायत." तेव्हाही तो हसला. कितीतरी दिवसांनी तिने त्याला हसताना पाहिलं होतं.

पुढे एका संध्याकाळी पावसाची भुरभुर लागली होती. सरोवरावरून धुकं चढत होतं. भरलेला ट्रक घेऊन तो गावाबाहेर पडला आणि काठच्या मोठ्या वळणाशी आला, तेव्हा समोरून एक मोटरसायकल येत होती. दोघंजण होते, पुढे पुरुष, मागे बाई. कांदा सोलण्याच्या शेडमधून घरी परतणारी माणसं. पार्मेनियोला ती लख्ख दिसली. पुरुषाने घोंगडीसारखा पांघरलेला तपकिरी लोकरी रुआना, त्याला चिकटलेली मातीची ढेकळं. त्याने हँडलवरचा एक हात उचलून डोळ्यांपुढे धरला, तोंड वेडंवाकडं केलं, मान फिरवली. रस्ता वळला, मोटरसायकल वळली नाही. ती सरळ गेली आणि दिव्यांच्या उजेडातून नाहीशी झाली.

पार्मेनियोने ब्रेक दाबला. दिवे बंद केले. का बंद केले, ते त्यालाही कळलं नाही. मग उतरला आणि आवाजाच्या दिशेने लव्हाळ्यात शिरला. बाई ओरडत होती, "एलिएसेर! एलिएसेर!" पाणी गुडघाभरच होतं, पण पुरुष पालथा पडला होता आणि त्याची मान नको तशी वळली होती. पार्मेनियोने त्याला उताणं केलं, ओढत काठावर आणलं, मग बाईला उचललं. तिचा पाय मांडीपासून लोंबत होता. मागून आलेल्या गाडीतली माणसं धावली. सगळ्यांनी मिळून दोघांना त्या गाडीत घातलं. बाईने पार्मेनियोचा हात धरून ठेवला होता, सोडवता सोडवेना, म्हणून तोही तसाच तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत गेला.

एलिएसेर वाटेतच गेला होता. त्याची बायको नुबिया वाचली.

पोलीस आला, त्याने विचारलं. नुबिया म्हणाली, "पांढरा उजेड आला. नुसता पांढरा. मग काही नाही." पोलीस म्हणाला, "बाई, हल्ली सगळ्यांचाच पांढरा असतो." रस्ता ओला, वेग जास्त, टायर गुळगुळीत, असं त्याने ठरवलं आणि तो गेला. पार्मेनियो भिंतीला टेकून उभा होता. तो मागून आला होता की पुढून, हे त्याला कुणी विचारलंच नाही. सगळे धरून चालले होते की आवाज ऐकून हा मदतीला धावला.

एलिएसेरची आई, रोसाल्बिना, पहाटे दवाखान्यात पोचली. वाकलेली, चिमणीएवढी म्हातारी. तिने पार्मेनियोचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, त्यांची चुंबनं घेतली आणि म्हणाली, "माझ्या पोराला पाण्यात एकटं सोडलं नाहीत तुम्ही. देव तुमचं भलं करो." त्याने तेव्हाच बोलायला हवं होतं. ती घटका गेली, आणि मग प्रत्येक दिवस आदल्या दिवसाहून कठीण होत गेला.

एलिएसेरची माती झाल्यावर तो दुवानकडे गेला. "काढ ते. जुने बसव."

दुवानने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या जिभेवर आलेली थट्टा तिथेच थांबली. बल्ब काढता काढता हळू आवाजात तो एवढंच म्हणाला, "तुम्ही काढून काय होणार काका? या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांना मीच बसवलेत." मग त्याने पेचकस खाली ठेवला आणि हात पुसत बसला. त्या दिवशी त्याने दुसरं काम घेतलं नाही.

"बल्ब का हो काढले?" हर्सिलियाने विचारलं.

"तापत होते फार."

तिने पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ताटात वाढताना ती त्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली.

पार्मेनियोने संध्याकाळची खेप सोडली. दिवसाउजेडी जेवढं होईल तेवढं करायचा. आणि नुबियाच्या घरी जायला लागला. बटाटे नेऊन टाकायचा, सरपण फोडून द्यायचा, गळकं छप्पर नीट करायचा. नुबियाला तान्ही मुलगी होती, सासू थकलेली, पाय लोखंडी सळईने जोडलेला. सोगामोसोच्या इस्पितळात व्यायामासाठी जावं लागायचं, आणि बसच्या गर्दीत तिला पाय सांभाळता यायचा नाही. तेव्हा पार्मेनियोच तिला ट्रकमधून न्यायचा आणि आणायचा. गावात लोक म्हणायला लागले, माणूस असावा तर असा. पाद्र्याने प्रवचनात त्याचं नाव घेतलं. त्या रविवारी घरी येऊन तो न जेवता गोठ्यामागे लाकडं फोडत राहिला.

नुबिया वाटेत फार बोलायची नाही. कधी एलिएसेरबद्दल सांगायची, तो झोपेत कसा गायचा, ट्राउटचे काटे काढून बायकोच्या ताटात मासा कसा ठेवायचा. एकदा म्हणाली, "काका, तो उजेडवाला कोण होता, कधीतरी कळेल का? त्याला कळलं तरी असेल का, काय झालं ते?"

"कळलं असेल," पार्मेनियो म्हणाला.

"मग तो झोपतो कसा?"

त्याने गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

मग ती संध्याकाळ आली. इस्पितळात डॉक्टर उशिरा आले, नुबियाचा नंबर शेवटी लागला, आणि घाट चढून सरोवराकडे उतरेपर्यंत अंधारून आलं. राहून जाऊ म्हणावं तर घरी तान्हं पोर. पार्मेनियो स्टिअरिंगवर वाकून, काचेला नाक लावून चालवत होता. जुन्या दिव्यांचा पिवळा उजेड चाकांपुढेच सांडून संपत होता. ट्रक तिकडच्या नियमाप्रमाणे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालला होता, आणि नुबिया त्याच्या उजव्या हाताला बसली होती, सरोवराच्या बाजूला.

समोरून बस आली. पांढऱ्या दिव्यांची. पार्मेनियोपुढचं सगळंच पुसलं गेलं. रस्ता नाही, बस नाही, स्वतःचे हातसुद्धा नाहीत. नुबिया किंचाळली, "डावीकडे! काका, डावीकडे घ्या!" त्याने घेतलं. उजवं चाक गवतावरून उडालं आणि परत डांबरावर आलं. बस हॉर्न वाजवत गेली. त्याने ट्रक थांबवला.

"तुम्हाला दिसत नाही," नुबिया म्हणाली.

तो चाचपडत गिअरचा दांडा शोधत होता.

"बस गेली, तरी तुम्ही अजून डोळे मिटून बसलात. काका, तुम्हाला अंधारात दिसतच नाही. कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"मग संध्याकाळची खेप कशी करत होतात?" एवढं विचारून ती थांबली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. "दिवे बदलले होते तुम्ही. आमच्या शेडमधल्या बायका हसायच्या, पार्मेनियोचा ट्रक आला की दिवस उगवतो म्हणून." पुन्हा थांबली. "तुम्ही मागून आला नव्हतात."

"नाही. समोरून."

मग तो बोलत सुटला. डॉक्टरीणबाई, दुवान, भिंत, सगळं. "त्याने रोख खाली ठेवला होता पोरी. मीच म्हटलं, वर कर. तो म्हणाला समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. मी म्हटलं..."

"काय म्हटलंत?"

"समोरच्याने आपलं बघावं."

नुबियाने दार उघडलं. कुबडी काढली, पाय खाली सोडला आणि उतरली. थोडं चालली. लंगडत चार पावलं गेली असेल, मग थांबली. काठावर वारा होता, पाऊस होता, गाव लांब होतं. ती तिथे पाठ करून उभी राहिली. पार्मेनियोला ती दिसत नव्हती, फक्त तिचं रडणं ऐकू येत होतं. तो उतरायला लागला, तशी ती ओरडली, "येऊ नका! माझ्या जवळ येऊ नका!"

बऱ्याच वेळाने ती परत आली. स्वतःच चढून बसली, कुबडी मांडीवर घेतली. "माझी पोर भुकेली असेल," ती म्हणाली. "चालवा. कुठे वळायचं ते मी सांगते."

आणि तिने सांगितलं. उरलेला सगळा रस्ता. थोडं डावीकडे. आता सरळ. समोरून गाडी येतेय, थांबा. गेली, चला. मोठ्या वळणाशी तिचा आवाज फाटला, पण तिथेही तिने सांगितलं, "आता वळवा. अजून. अजून वळवा." दारात पोचल्यावर ती त्याच्याकडे न बघता उतरली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पार्मेनियो पोलीस चौकीत गेला. तो पोलीस बदलून गेला होता. नव्या पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, ते प्रकरण मिटलंय. दिवे तर तुम्ही काढलेत. पुरावा काय आता? उजेडाचा ठसा राहतो का कुठे? लायसन पाहिजे तर जमा करा." पार्मेनियोने लायसन टेबलावर ठेवलं. ट्रकच्या किल्ल्या त्याने हर्सिलियाच्या भावाला देऊन टाकल्या.

मग तो रोसाल्बिनाला सांगायला निघाला. निदान तिने तरी शिव्या द्याव्यात, काठी मारावी, असं त्याला वाटत होतं. नुबिया अंगणातल्या छपराखाली कांद्याच्या जुड्या बांधत बसली होती. तिने त्याला फाटकातच अडवलं.

"कशाला आलात?"

"तुझ्या सासूला सांगायचंय."

"नाही सांगायचं." ती हळू बोलत होती, म्हातारी आत होती. "त्यांचं पोर गेलं. पोराला पाण्यातून काढणारा एक चांगला माणूस होता, एवढंच त्यांच्यापाशी उरलंय. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतात. तुमचं मन हलकं करायला त्यांना मारू नका."

"मग मी काय करू पोरी?"

"मला नका विचारू," नुबिया म्हणाली. "मला तुम्ही काहीच विचारू नका."

आतून म्हातारीने हाक मारली, "कोण, पार्मेनियो आलेत का? त्यांना आत घे, पावसात काय उभं केलंस!" नुबिया बाजूला झाली.

रोसाल्बिनाने त्याला चुलीजवळ बसवलं, गुळाचं गरम पाणी दिलं, मक्याची भाकर मोडून हातात ठेवली. "वाळलात हो तुम्ही," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी राबता आणि स्वतःकडे लक्ष नाही." त्याने भाकर खाल्ली. निघताना तिने त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

एलिएसेरच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना होती, तेव्हा म्हाताऱ्या रोसाल्बिनाने माणूस पाठवून त्याला बोलावलं आणि पहिल्या बाकावर, घरच्या माणसांत बसवलं. पलीकडच्या टोकाला नुबिया मुलीला घेऊन बसली होती. पाद्र्याने मेलेल्याचं नाव घेतलं. म्हातारीने पार्मेनियोचा हात घट्ट धरला आणि रडू लागली. नुबियाने एकदाही मान वळवली नाही. प्रार्थना संपल्यावर लोक उठून एकेक करून म्हातारीला भेटायला आले, आणि तिच्यानंतर पार्मेनियोचाही हात हातात घेऊन पुढे जात राहिले. तो उभा राहिला आणि प्रत्येकाला हात देत गेला.