डाव्या बाजूची हाक

"वेळ आहे, वेळ आहे!"

*

हनुवटीला टाके. भुवईला टाके. नाक दोनदा मोडलेलं, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा सरळ बसलेलं. समोरचे दात घरी पेल्यात. कानाला ओरखडासुद्धा नाही.

*

सॉनात, खेळाडूंच्या वाफेच्या खोलीत, वरच्या बाकावर, डाव्या टोकाला, भिंतीला खांदा लावून. ती जागा इल्पोची. नवं पोरगं चुकून तिथे बसलं तर बाकीचे त्याला उठवतात. का, ते कुणालाच माहीत नाही.

*

बायकोला, सिर्पाला, महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती त्याच्या उजवीकडे येऊन बसायची. शेवटच्या वर्षी ती डावीकडूनच बोलायला लागली. मग एक दिवस तिचं कपाट रिकामं दिसलं, तेव्हा त्याला कळलं की ती सांगून गेली होती.

*

"गुडघा दुखतोय रे. उजव्या कोपऱ्यात वळताना कळ येते. मी डावीकडे खेळतो, तू ये उजवीकडे," इल्पोचा तेव्हाचा जोडीदार हान्नू म्हणाला.

*

आणि मग काच.

इल्पोचं तोंड आइस हॉकीच्या रिंकभोवतीच्या काचेवर आपटलं तेव्हा पलीकडे एक बाई कागदी पेल्यातली कॉफी पीत होती. ती तिच्या कोटावर सांडली. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. मग तो काचेवरून खाली घसरला. चकती त्याच्या काठीपासून कुणीतरी नेली होती. थोड्या वेळानं काचेपलीकडची माणसं डोक्याला हात लावून बसली, त्यावरून गोल झाला असणार.

सार्किकोस्की गावाचा, म्हणजे इल्पोचा संघ तो सामना हरला. खेळाडूंच्या खोलीत कोच रौनो आला तो थेट सामुलीसमोर जाऊन उभा राहिला.

"तोंड आहे ना तुला? जेवायला उघडतोस ना?"

सामुली वीस वर्षांचा, या हंगामात इल्पोचा नवा जोडीदार. स्केटची नाडी सोडता सोडता तो थांबला.

"मी ओरडलो होतो."

"कुणाच्या कानात? आजीच्या?"

पोरं हसली.

"देवाशप्पथ ओरडलो. 'अंगावर आला' म्हणून दोनदा ओरडलो. आजोबांना विचारा."

आजोबा म्हणजे इल्पो. सदतिसाव्या वर्षी या धंद्यात माणूस आजोबाच होतो. रौनो त्याच्याकडे वळला.

"ओरडला हा?"

इल्पोनं बर्फाची पिशवी गालावर दाबून धरली होती. नाकातून रक्त येत होतं, तेव्हा जरा वेळ न बोललेलं खपण्यासारखं होतं. तेवढ्या वेळात रौनोनं उत्तर स्वतःच काढलं.

"हान्नूबरोबर आठ हंगाम खेळला हा माणूस. एकदा असा मार खाल्ला नाही. तुझ्याबरोबर ही तिसरी वेळ. पुढच्या सामन्यापर्यंत बघतो, नाहीतर जा परत ज्युनियर संघात."

सामुली इल्पोकडे बघत होता. इल्पोनं पिशवी डोळ्यांवर घेतली.

*

काम तसं साधं. चकती आपल्या कोपऱ्यात गेली की बचावपटूनं तिच्यामागे जायचं. तिच्यामागे जायचं म्हणजे तोंड कडेच्या फळीकडे आणि पाठ साऱ्या रिंककडे. मागून शंभर किलोचा माणूस सुटलेला असतो, तो दिसत नाही. दिसतो तो जोडीदाराला. जोडीदार गोलपाशी उभा राहून ओरडतो: वेळ आहे, किंवा अंगावर आला. या दोन हाकांवर माणसाचे दात, खांदे आणि पुढच्या वर्षीचा करार टिकून असतात.

उजव्या बाजूनं खेळणारा फळीकडे तोंड करून वाकला की गोल त्याच्या उजव्या हाताला येतो, आणि हाक उजव्या कानात. डाव्या बाजूच्याला डाव्या.

इल्पोचा डावा कान आठ हंगामांपूर्वी गेला. सरावात आपल्याच माणसाचा फटका हेल्मेटवर बसला. आठवडाभर कानात किटली उकळत होती, मग किटली थांबली आणि तिच्याबरोबर सगळंच थांबलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. क्लबचा डॉक्टर गुडघे वाकवून बघायचा, मनगटं पिळून बघायचा, छातीला नळी लावायचा. कान बघायचं त्याच्या कधी मनात आलं नाही. एका कानाच्या बचावपटूला कोण करार देणार? आणि कागदगिरणीत जायचं इल्पोच्या जिवावर येत होतं. बाप तिथे गेला होता, भाऊ तिथेच होता, आणि गावभर त्या गिरणीचाच वास होता.

त्याच दिवसांत, कसं कोण जाणे, हान्नूचा गुडघा दुखायला लागला. दोघांनी बाजू बदलल्या आणि हाक उजव्या कानात यायला लागली. आपलं नशीब थोर, असं इल्पोला वाटलं. हान्नूचं नशीब मात्र तेव्हा फिरलं. राजधानीतल्या मोठ्या क्लबचा माणूस त्या पानगळीत त्याला बघायला आला होता. त्यांना उजव्या बाजूचा बचावपटू हवा होता. हान्नू डावीकडे खेळला, दोनदा अडखळला, आणि तो माणूस मध्यंतरात कॉफी पिऊन निघून गेला.

"गुडघ्यानं घात केला," असं हान्नू पुढे सॉनात सांगायचा. आणि बादलीतलं पाणी तापल्या दगडांवर असं फेकायचा की पोरं शिव्या देत खालच्या बाकावर उतरायची.

*

रविवारी दुपारी इल्पोनं बटाटे उकडले, निम्मे खाल्ले, आणि फोन उजव्या कानाला लावला. हान्नू गेल्या वसंतात खेळ सोडून उत्तरेला गेला होता, सासऱ्याच्या जंगलात लाकूड तोडायला.

"बोल म्हाताऱ्या."

"काही नाही. सहज."

सहज फोन करणाऱ्यातला इल्पो नव्हता. बसच्या लांबच्या प्रवासात दोघं गप्प बसत, आणि उतरताना खूप गप्पा मारल्यासारखं वाटे. फोनवर तसं वाटेना.

"नवा पोरगा कसा आहे?" हान्नूनं विचारलं.

"चांगला आहे. पायात जोर आहे. ओरडतो म्हणे."

"म्हणे?"

इल्पो काट्यानं बटाट्याचं साल ओढत राहिला.

"तुला कुठल्या बाजूला खेळवतायत?"

"डावीकडे. पोराला उजवीच जमते."

पलीकडे कुत्रं भुंकलं. हान्नूनं त्याला गप्प केलं.

"डावीकडे नको म्हणून सांग की."

"कारण काय सांगू?"

"काहीही सांग. गुडघा सांग."

इल्पोला हसू आलं. "तुझा कसा आहे गुडघा?"

"कुठला?" हान्नू म्हणाला. मग, "हां, तो. बरा आहे."

फोन ठेवल्यावर उरलेले बटाटे खायचे राहिले. ते पातेल्यातच गार झाले.

*

आठवडाभर सामुली सरावात ओरडत राहिला. चकती कुठेही असो, हा आपला ओरडतोय. वेळ आहे, अंगावर आला, वेळ आहे.

"अरे, बोट बुडतेय का कुठे?" एकानं विचारलं.

"थांब, आई हाक मारत असेल त्याला," दुसरा म्हणाला.

गुरुवारी इल्पो डाव्या कोपऱ्यात वाकला, आणि या वेळी त्यानं मान वळवून मागे पाहिलं. मान वळवली की चकती सुटते, हे तो स्वतः पोरांना शिकवत आला होता. सामुली गोलपाशी उभा होता. तोंड एवढं उघडलेलं की मागच्या दाढा दिसत होत्या, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, चेहरा लाल. आणि आवाज नाही. चकती काठीखालून निसटली.

"झालं!" रौनोनं शिट्टी फुंकली. "चला आत."

आत गेल्यावर त्यानं शनिवारच्या जोड्या सांगितल्या. सामुलीचं नाव आलं नाही.

"तू ज्युनियरमध्ये," रौनो म्हणाला. "राग धरू नकोस. पण ज्याची हाक जोडीदाराला पोचत नाही, तो माझ्या कामाचा नाही."

सामुलीनं काहीतरी म्हटलं. घशातून नुसती हवा आली.

"तो ओरडला होता," इल्पो म्हणाला.

"काय?"

"त्या सामन्यात. आजही. तो ओरडतो. मला येत नाही ऐकू. डाव्या कानानं मला काहीच ऐकू येत नाही."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं, विनोद समजून. मग तेही थांबलं.

"कधीपासून?"

"हान्नू डावीकडे गेला ना, त्याच्या जरा आधीपासून."

रौनोनं शिट्टी गळ्यातून काढली, तिच्याकडे पाहिलं, परत घातली. "मार्चमध्ये तुझ्या कराराचं बोलायचं होतं. माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं."

"दोन महिने गप्प बसला असतास तर? आजच कुठून सुचलं?"

इल्पोनं सामुलीकडे बोट दाखवलं.

"त्याचा घसा बसलाय," तो म्हणाला.

*

सॉनात त्या दिवशी कुणी पाणीसुद्धा फेकलं नाही. इल्पो आपल्या टोकाला, भिंतीला खांदा लावून बसला. ही जागा कशासाठी, हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि ती एकदम उघड्यावरची वाटत होती. सामुली आला, त्याच्या उजवीकडे बसला. त्याला बोलता येत नव्हतं आणि इल्पोला बोलायचं नव्हतं. दगड हळूहळू निवत गेले.

*

शनिवारी इल्पो कोट घालून प्रेक्षकांत बसला, खांबाशेजारच्या खुर्चीवर, खांब डाव्या हाताला ठेवून. करार होणार नाही हे रौनोनं नीट, सभ्यपणे सांगितलं होतं, हातही मिळवला होता. गिरणीत भावानं शब्द टाकून ठेवला होता.

सामुलीचं नाव परत जोड्यांत आलं होतं. दुसऱ्या डावात चकती कोपऱ्यात गेली. सामुली तिच्यामागे गेला, वाकला, साऱ्या रिंककडे पाठ करून. त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

"वेळ आहे," इल्पो म्हणाला. काचेच्या अलीकडून, बसल्या आवाजात. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून पुढे बघत राहिला.

*

ज्या पानगळीत हान्नू डावीकडे खेळायला लागला, त्या पानगळीत त्याच्या दोन्ही गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.