एकशे पन्नास फुटाणे

"लोकांच्या निबंधाला टाचणी पुरते. आपल्या निबंधाला दोरा लागतो," असं हासाजी नवगावकर टॉवेलच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाला, आणि त्याच निबंधात सणसणीत नापास झाला.

दोऱ्याचं मात्र खोटं नव्हतं. माझगावच्या शाळेत तो पुरवणीमागून पुरवणी मागायचा आणि शेवटी सगळा गठ्ठा पांढऱ्या दोऱ्याने बांधून मास्तरांपुढे ठेवायचा. मास्तर म्हणे जाडी बघून मार्क देत. इस्रायलमध्ये येरुहामला आल्यापासून गेली अकरा वर्षं तो टॉवेलचे गठ्ठे बांधत होता, पण इंग्लिश काही सुटलं नव्हतं. कारखान्याची लंडनला जाणारी पत्रं नऊ वर्षं तोच लिहायचा. खाली सही मुकादम मेइरची. ऑफिसातली कारकुनाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा हासाजीने ती मागितली, तर मेइर म्हणाला, "इंग्लिशच्या परीक्षेचा कागद आण. नियम आहे."

नापासाचा निकाल लागला त्या दिवशी मेइरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे रे. आता लंडनचं एवढं पत्र लिहून टाक."

हासाजीने पत्र त्याच्याच खिशात परत खोचलं. "कागद नाही, तर इंग्लिशही नाही. तू सही करतोस ना, लिहीही तूच."

नापास का झाला, ते मुलीने, ओर्नाने, तिच्या टीचरला विचारून आणलं. "अबा, दीडशेच शब्द लिहायचे असतात. पुढचं कोणी वाचत नाही."

"मी दहा पानं लिहिली."

"पण दीडशे शब्दांपर्यंत तू कुठे पोचला होतास?"

हासाजीने आठवून पाहिलं. "परीक्षकसाहेबांचा अमूल्य वेळ घेतो म्हणून क्षमा मागत होतो."

"दाय, अबा," ओर्नाने कपाळाला हात लावला. "पुरे. क्लास लाव."

"ज्या पोरांच्या बापांची पत्रं मी लिहिली, त्यांच्या शेजारी बसू? माझा मी शिकेन."

शिकवलं बायकोने, आणि लीयाला तर इंग्लिशचं ओ की ठो येत नव्हतं. तिने ताटात दीडशे चणे मोजले. "एक शब्द, एक चणा. चणे संपले की तोंड बंद."

रोज कामावरून आला की हासाजी ताटापुढे बसे. "विथ ड्यू रिस्पेक्ट..."

"हे किती झाले?"

"तीन."

"तीन चणे? रिस्पेक्ट मनात ठेवा. पुढे."

चार महिन्यांत क्षमा गेली, प्रस्तावना गेली, बापजाद्यांची सगळी विशेषणं गेली. एकदा तर लीया म्हणाली, "अहो, आज शंभरातच आटपा. पन्नास मी भिजत घातलेत." त्या दिवशीचा निबंध सगळ्यांत चांगला झाला, पण हासाजीने कबूल केलं नाही.

परीक्षा बेरशेव्याला होती. लग्नातला कोट घालून तो बसमध्ये बसला. खिशात लीयाने मोजून दिलेले दीडशे फुटाणे होते. "कच्चे नको. निबंध झाला की खाता तरी येतील." दुसऱ्या खिशात तिला न सांगता घेतलेला पांढरा दोरा.

विषय आला, 'माझं काम'. हासाजीने फुटाण्यांचा ढीग डावीकडे मांडला. शब्द लिहायचा, फुटाणा उजवीकडे. टॉवेल आले, गाठी आल्या, लंडन आलं. शेवटचं वाक्य त्याने मनात जपून ठेवलं होतं. त्या एका वाक्यासाठी बाकीचे सगळे होते. मान वर केली तर डावीकडे फुटाणा नव्हता, बाकाचं नुसतं लाकूड दिसत होतं.

शेजारी देखरेखीवरच्या शोशानाबाई उभ्या होत्या, तोंड हलवत.

"बाई," हासाजी हळूच म्हणाला, "तुम्ही माझे शब्द खाल्लेत."

त्याने उजवीकडचे मोजून दाखवले. एकशे छत्तीस. शोशानाबाईंनी घास गिळला, पर्समधून सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि चौदा मोजून डावीकडे ठेवल्या.

बी सरकवत सरकवत त्याने लिहिलं: नऊ वर्षं कारखान्याची पत्रं मी लिहिली आणि खाली नाव दुसऱ्याचं. इंग्लिशमध्ये बरोब्बर चौदा भरले.

पान एकच होतं. हासाजीने तरी पेनाने कोपऱ्याला भोक पाडलं, चष्मा कपाळावर सारला आणि दोरा ओवून गठ्ठ्यावरची दुहेरी गाठ मारली. जाडी नसेना का.

उठला, तर पेपरही त्याच्याबरोबर उठला. दोरा कोटाच्या बाहीच्या बटणातूनही फिरला होता. गाठ सुटेना आणि कात्री मिळेना, तेव्हा शोशानाबाईंनी बटणच उपटलं.

पेपरावर नाव लिहायला मनाई होती, नुसता नंबर. हासाजीचं बटण पेपरासकट पाकिटात घालून लाख लावण्यात आली.