शनिवारी अनोळखी होणारा कुत्रा

नुप्पू ही मांजर सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पोन्तू या कुत्र्याच्या पोटाला टेकून झोपे. शनिवारी संध्याकाळी ती त्याच्यावर फिस्कारून नखे काढी. सोमवारी पुन्हा पोटाला टेके. असे सलग पाच आठवडे घडले.

मित्रांनो, मी त्या घरातील स्वयंपाकघराच्या दारातले, भूर्जाच्या लाकडाचे जुने फाटक आहे. औलिक्कीबाईंच्या यजमानांनी मला आपल्या रांगत्या लेकीसाठी घडवले. माझ्या अकरा गजांपैकी एकही वाकडा नाही, असे ते पाहुण्यांना सांगत. लेक मोठी झाली आणि मी तीस वर्षे माळ्यावर गालिच्यांखाली पडून राहिले. यजमान वारले, तेव्हाही मला कोणी खाली आणले नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंचे धाकटे भाऊ तौनो कुत्र्यासह राहायला आले आणि मला पुन्हा काम मिळाले. आधी दोघांना माझ्या दोन बाजूंना जेवू घातले. ताटल्या रोज वीतभर जवळ आणल्या. मांजरीला निसटता यावे म्हणून माझा एक गज काढला. त्याचे मला दुःख झाले नाही. महिन्याभराने पोन्तूला साखळीने धरून मला उघडले, पुढे साखळीही सुटली. तिथून ते शनिवार सुरू झाले.

शनिवार उजाडला की माझी बिजागरी कुरकुरे. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते, हे मला ठाऊक आहे. तरीही सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघाला की मला माझ्या चौकटीत स्वस्थ राहवत नसे.

पाचव्या शनिवारी पोन्तूच्या नाकावर ओरखडा उठला आणि त्याने प्रथमच दात दाखवून झेप घेतली. मांजर माझ्या फटीतून निसटली. तिचे केस मात्र माझ्या गजाला चिकटून राहिले.

औलिक्कीबाईंनी ते केस उचलले. "तौनो, पुढच्या वेळी ही मरेल."

"ताई, सरळ सांग ना, कुत्रा घेऊन चालता हो."

"जूनच्या सणाला आपला चुलतभाऊ सेप्पो येतोय. तोवर कारण सापडलं नाही, तर पोन्तू त्याच्याबरोबर जाईल."

तौनो उठले. आपली पिशवी त्यांनी पलंगाखालून ओढून पुढे ठेवली, ती मला दिसली. कुत्रा गेला असता तर तेही गेले असते.

बाईंनी अठ्ठावीस वर्षे हवामान केंद्रात नोंदी केल्या होत्या. त्यांचा पहिला संशय सौनानंतरच्या सॉसेजवर होता.

"माझ्या सॉसेजला मध्ये आणू नकोस," तौनो म्हणाले. "उद्या म्हणशील, माझ्या पायांचा वास."

"तो तर रोजच असतो. मांजर फक्त शनिवारी चिडते."

सहाव्या शनिवारी सॉसेज बंद ठेवले. मांजर बंद फाटकाआडूनही फिस्कारली. सातव्या शनिवारी सौनाची भट्टी पेटवली नाही. घर शांत राहिले, तौनो सोडून. मग बाईंनी सौनात नेमके काय काय होते, ते त्यांना ओळीने सांगायला लावले. भट्टी, पाणी, वाफ, मग बाहेरच्या न्हाणीत पोन्तूला पाइनच्या डांबराच्या काळ्या, उग्र वासाच्या साबणाने चोळणे.

"कुत्र्याला? दर आठवड्याला?"

"शनिवारी सगळं घर न्हातं, ताई. तो घरातला नाही का?"

मंगळवारी, भट्टी न पेटवता, बाईंनी पोन्तूला त्याच साबणाने न्हाऊ घातले. नुप्पू मंगळवारी फिस्कारली. पुढच्या शनिवारी भट्टी पेटली, सॉसेज शिजले, पण पोन्तू कोरडाच राहिला. बाईंनी माझी कडी काढली. मांजर आली, तिने त्याच्या कानामागे हुंगले आणि त्याच्या पोटाला टेकून बसली. तौनोंनी पिशवी पलंगाखाली ढकलली. सणाला सेप्पो आले, जेवले आणि एकटेच परतले.

मित्रांनो, तुमच्याही घरी असे दोघे असतील तर एकाला न्हाऊ घातल्यावर दुसऱ्यापासून रात्रभर वेगळे ठेवा. न्हालेल्याच्या स्वतःच्याच न धुतलेल्या कांबळ्याने त्याचे अंग पुसा. मग फाटकाआडून त्यांना एकमेकांना हुंगू द्या. घाई करू नका.

कारण एवढेच होते: नुप्पू पोन्तूला वासावरून ओळखत होती, आणि तो वास दर शनिवारी डांबराच्या साबणाने धुऊन टाकला जात होता.