संघरत्नाचा जामीन

संघरत्नाला जामीन हवाय ही बातमी शेणव्यात दुपारी पोचली आणि चहाच्या वेळेपर्यंत तिला अटक झाली होती.

चूक तशी कुणाचीच नव्हती. माळशेज घाटात दरडी का कोसळतात यावर तिला पीएचडी करायची होती आणि मुंबईतला एक ट्रस्ट त्यासाठी कर्ज द्यायला तयार होता. अट एकच. पुढं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं. एक वर्ष शिकवलं की कर्जाचा एक तुकडा माफ, पाच वर्षं शिकवलं की सगळंच माफ. फक्त जामीनदार पाहिजे. म्हणून तिचे वडील बुधाजी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला शहापूरला गेले आणि तिथं त्यांना शेजारचा गणू भेटला.

"काय काढताय, दादा?"

"पोरीच्या जामिनाचं बघतोय," बुधाजी म्हणाले. वाशिंदच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, शब्द जपून वापरायचा. त्या दिवशी चार जास्त खर्च केले असते तर बरं झालं असतं.

गणू दारात आला तो केळी घेऊन. कोठडीत केळी चालतात की नाही ते त्याला माहीत नव्हतं, पण अशा वेळी हात हलवत कसं जायचं?

"वैनी, रडू नका," तो संघरत्नाच्या आईला, कमळाबाईंना म्हणाला. कमळाबाई लसूण सोलत होत्या. "माज्या साडूच्या वळखीचा वकील हाय. पोरगी कुठं ठेवलीय?"

"मी ही काय, काका," संघरत्ना म्हणाली.

"सुटली पण?" गणूचा चेहरा जरा पडलाच.

तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. गणूनं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तू गुन्हा केलेला नाय?"

"नाय."

"मग ते माफ काय करतायत?"

जामिनाच्या कागदापुढं पेन उघडून बसलेल्या बुधाजींनी टोपण परत लावलं. "हेच. सकाळपासून माझ्या डोक्यात हेच हाय."

संघरत्नानं कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. सोमवारपर्यंत सही पोचली नाही तर ते पैसे दुसऱ्या कुणाला जाणार होते आणि तिला आत्ता नोकरी करत होती त्याच मुरबाडच्या ऑफिसात बसून नव्या सोसायट्यांच्या गटारांचे नकाशे काढत राहावं लागणार होतं.

"कारखान्यात साहेब बोलला, माफी माग," बुधाजी म्हणाले. "नाय मागितली. गेटच्या बाहेर बसून राहिलो, पण नाय मागितली. आता माझ्या पोरीला कोण माफ करणार?"

"बाबा, फुकट नाय ते. मी शिकवणार, तेवढं फिटत जाणार."

"मग फिटलं म्हणा. माफ कशाला म्हणता?"

"कागदावर तसा शब्द आहे."

"त्यांना सांग, शब्द सुधरून घ्या." बुधाजींनी टोपण पुन्हा काढलं. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. "पण एक हाय. तू शिकवशील याची हमी मी देणार. मी तर तुला शिकवताना बघितलेलंच नाय."

"बाबा!"

"बघितल्याशिवाय मी भाजीवाल्याचा काटा पण मानत नाय. शिकव."

असा ओट्यावर वर्ग भरला. विद्यार्थी तीन, त्यातला एक तुरुंगासाठी आणलेली केळी स्वतःच खात होता.

संघरत्ना पहिल्यांदा जे बोलली ते तिच्या गाइडलासुद्धा समजलं नसतं. मग तिनं परातीत तांदळाचा ढीग केला आणि परात जराशी तिरकी धरली.

"बघा, दाणा दाण्याला धरून बसलाय. आता पाणी मधे शिरणार आणि दाण्यांना एकमेकांपासून ढकलणार." तिनं तांब्या ओतला, परात अजून तिरकी केली आणि तांदूळ गणूच्या पायावर आला.

"दरड!" गणू ओरडला.

"माजे तांदूळ!" कमळाबाई ओरडल्या.

"समजलं नाय," बुधाजी म्हणाले. "परत."

तिनं परत सांगितलं. लसणाच्या पाकळ्या घेऊन सांगितलं. मग गणूला आणि बाबांना खांद्याला खांदा लावून उभं केलं, तुमी दोघं दाणे म्हणाली, आणि मधे पाणी म्हणून स्वतः शिरली. गणू खुर्चीत जाऊन पडला. बाबांना ढकलताना तिच्या हाताला त्यांचा खांदा लागला. केवढासा राहिला होता तो. तिनं ढकलायचं सोडून त्यांना धरलंच.

"आता?"

"नाय समजलं," बुधाजी म्हणाले.

तिला वैताग आला. ओठावर शब्दही आला. मग तिनं त्यांच्याकडं बघितलं. बाबा मान जरा खाली घालून बसले होते, पाठीत धपाटा बसणार हे माहीत असलेल्या पोरासारखे.

ती त्यांच्या पायाशी बसली. "कुठं अडलं, बाबा? तिथून घेऊ."

बुधाजींनी सांडलेला एक दाणा उचलून परातीत टाकला.

"कुठंच नाय गो. तांदूळ सांडले तवाच समजलं."

"मग?"

"आमच्या मास्तरला मी दुसऱ्यांदा विचारलं, तर त्यानं मारलं. तिसऱ्यांदा विचारायला मी शाळेत गेलोच नाय." त्यांनी कागद पुढं ओढला. "तुला कितव्यांदा राग येतो, ते बघत होतो."

त्यांनी सही केली. आडनावासकट, एकेक अक्षर सुटं, वळणदार. कमळाबाई भिजलेले तांदूळ गोळा करत म्हणाल्या, आता या दरडीची खिचडीच टाकते, दुसरं काय करणार.

"म्हंजे जामीन झाला?" गणूनं विचारलं.

"झाला," बुधाजी म्हणाले.

"सुटली बाबा एकदाची!"

"सुटली कसली? आता पाच वर्षं वर्गात."

गणू गंभीर झाला. उरलेलं एक केळं त्यानं संघरत्नाच्या हातात ठेवलं.

"राहू दे तुला," तो हळूच म्हणाला. "आत लागंल."