शिलाई मशीनचं तेल

मास्तर आणि मास्तरीणबाई यांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. तयार कपड्यांपुढे दुकानाचा टिकाव लागेना, तेव्हा शटर ओढलं आणि दोघं बाईंच्या आईनं मागे ठेवलेल्या छोट्याशा रानात भाजी पिकवायला लागली. वाफेसुद्धा असे सरळ घालायची, की बघणाऱ्याला वाटावं आधी खडूनं आखून घेतलेत.

घोडं अडलं ते माती नांगरायच्या यंत्रावर. मास्तरांच्या डोळ्यांत अवजारांच्या दुकानातला नवा कोरा टिलर भरला होता. बाईंनी पाय रोवले.

"एवढं धूड आपल्या रानात वळणार कुठं? धाकट्याचा जुना घेऊ. हलका आहे, स्वस्तात मिळतोय, आणि सुटे भाग कुठंही मिळतात."

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. त्यानं मोठं यंत्र घेतल्यापासून जुना टिलर पडूनच होता. मास्तर तोंडानं हो म्हणाले, मनातून नाही.

सुरुवातीला टिलर गुणी लेकरासारखा चालला. मग ऐन लावणीच्या तोंडावर एका सकाळी इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि मातीतली पाती जागची हलेनात. तिकडे ट्रेमधली रोपं उंच होऊन एकमेकांच्या अंगावर पडत होती. आणखी थांबलं तर फेकूनच द्यावी लागणार होती.

"तुझ्या भावानं भंगार आपल्या गळ्यात मारलं," मास्तर म्हणाले. "त्याचा काही भरवसा नाही."

बाईंना रोपांचं वाईट वाटत होतंच. पण कडेवर खेळवलेला भाऊ आपल्याला फसवेल हे त्यांना पटेना, आणि फसवलं नाही म्हणावं तर यंत्र समोर अडून बसलेलं. त्यांनी फोनवर इंजिन ओरडतं, पाती फिरत नाहीत, एवढंच सांगितलं. भंगाराचा शब्द गिळला.

धाकटा दुपारी आला. त्यानं बाजूचं झाकण काढलं, आतल्या रबरी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. पट्टा तेलानं निथळत होता. ताईच्या शिलाई मशीनखाली बसून तो लहानाचा मोठा झाला होता; तो वास त्याला कुणी सांगायला नको होता. त्यानं ताईकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली.

मशीनला सकाळी आधी तेल, मग काम, हा त्यांचा नेम. टिलर काय, यंत्रच की! त्याच्याही झाकणाच्या फटीतून त्या न चुकता तेलाची कुपी रिती करत होत्या, आणि तेही मायेनं.

"पट्टा कोरडा लागतो. नाहीतर घसरतो, पाती फिरवत नाही," धाकटा हळूच म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "भाऊजी, चूक माझी. जुना पट्टा होता, देतानाच बदलायला हवा होता."

"मी म्हटलंच होतं," मास्तर म्हणाले.

गप्प राहिलं की सुटले, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण भावाचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना.

"त्याची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "मीच तेल घालत होते. रोज सकाळी."

आता मास्तर तोंडसुख घेणार म्हणून त्यांनी अंग चोरलं. मास्तर मात्र सवयीनं अजून गळ्यात असलेल्या टेपशी चाळा करत राहिले.

"सकाळी तू घालत होतीस?"

"हो."

"मग मी संध्याकाळी कशाला घालत होतो?"

ज्या यंत्राला नावं ठेवली, त्याचीच हा माणूस गुपचूप सेवा करत होता. आधी धाकटा हसला, मग तिघंही हसत सुटली.

फोनवरचं ऐकूनच धाकट्यानं नवा पट्टा सोबत आणला होता. मास्तरांनी चिंध्यांचं गाठोडं सोडून आतली चाकं लख्ख पुसली. पट्टा चढला, पाती मातीत शिरली, आणि दिवस मावळायच्या आत रोपं जमिनीत गेली.

धाकटा निघाला तेव्हा मास्तर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. खिशातली तेलाची कुपी काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. मागून येणाऱ्या बाईंना त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"ही तुझ्याकडेच ठेव. भरवसा आमचा नाही."