मुरलीधर होटगीला उतरतो

त्या वर्षी मला कायम व्हायचं होतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं आणि सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञानाची तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले. मार्चमध्ये तपासनीस साहेब येणार, माझा एक तास बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी राहते की जाते ते ठरणार, असं होतं. एवढ्यात मराठीच्या रंभाबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सरांनी नववीचं मराठी माझ्या गळ्यात घातलं. मला मराठी शिकवता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. बोलता येतं ना, असं ते म्हणाले.

सर नुकतेच पुण्याला कसलंसं शिबिर करून आले होते. तिथून त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद आणला होता. त्यानुसार, कादंबरी वाचून प्रश्नोत्तरं लिहिण्याचे दिवस संपले होते. आता मुलांनी ‘सर्जनशील प्रतिसाद’ द्यायचा होता. पात्राला पत्र लिहायचं, त्याच्या दैनंदिनीचं पान लिहायचं, मातीची प्रतिकृती करायची. सर्जनशीलता मोजायची कशी, असं मी विचारलं. त्यावर सरांनी, साहेब तुमचा मराठीचाच तास बघतील, असं जाहीर केलं.

स्थूलवाचनाला जी कादंबरी होती तिचं नाव देत नाही. लेखक बिचारे सज्जन असावेत. विजापूरकडच्या एका खेड्यातला मुरलीधर नावाचा हळवा मुलगा घर सोडतो, मुंबईला जातो, उपाशी राहतो, पुष्कळ विचार करतो आणि शेवटच्या पानावर समुद्राकडे बघत असताना ‘त्या क्षणी तो मोठा झाला’. मला ते पटलं नव्हतं. माणूस क्षणात मोठा होत नाही, असा माझा समज होता. पण कायम व्हायचं होतं.

सहाव्या प्रकरणात मुरलीधर विजापूरला गाडीत बसतो, खिडकीला डोकं टेकतो, रात्रभर रडतो आणि सकाळी मुंबईला उतरतो. हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा नीलम्मा उभी राहिली. ती होटगीहून रोज पॅसेंजरनं यायची. तिच्या वडिलांचं, कल्लप्पांचं, होटगी स्टेशनाबाहेर चहा-भाकरीचं दुकान होतं.

“बाई, त्यो रडत बसला तरी चालंल,” ती म्हणाली, “पण गाडी बदलावी लागती की. विजापूरची गाडी लहान रुळावरची. ती मुंबईला जात न्हाय. होटगीला उतरला असणार त्यो.”

मी विचार केला. रुळांतलं अंतर वेगळं असेल तर डबा पुढे जाणार नाही, हे उघड होतं. तिचं बरोबर आहे, असं मी सांगितलं. तिथे सगळं बिघडलं.

त्या आठवड्यात सगळ्यांनी मुरलीधरला पत्र लिहायचं होतं. बाकीच्या मुलांनी त्याला धीर सोडू नकोस असं कळवलं. नीलम्मानं कळवलं की दुसरी गाडी यायला वेळ आहे, आमचं दुकान लिंबाखाली आहे, तांबडा पत्रा दिसेल, नाव सांग, आई जेवायला घालेल. पुढच्या आठवड्यात दैनंदिनीचं पान होतं. तिच्या मुरलीधरनं लिहिलं होतं, ‘आज पण गाडी चुकली. जेवत होतो. शेंगाची चटणी लई भारी.’ त्यापुढच्या पानावरही गाडी चुकली होती, कारण दुपारी डोळा लागला.

मग प्रतिकृती. कुणी पुठ्ठ्याची चौपाटी केली, कुणी निळ्या शाईचा समुद्र केला आणि तो बाकावर सांडला. नीलम्मानं काड्यापेट्यांचं होटगी स्टेशन केलं आणि बाकड्यावर मातीचा मुरलीधर बसवला. तो मला दर आठवड्याला थोडा रुंद दिसू लागला. मी त्याला प्रयोगशाळेतल्या तराजूवर ठेवून पाहिलं. खरोखरच त्याचं वजन वाढत होतं. विचारलं तर म्हणाली, दोन वेळचं जेवतोय, वाढणारच की. रोज रात्री ती चिमूटभर ओली माती लावायची.

वर्गाला हे फार आवडलं. मूळ मुरलीधरची कुणाला आठवण राहिली नाही. कुंभारीच्या सिद्धारामनं त्याला आपल्या गावच्या जत्रेला नेऊन आणलं आणि वळसंगच्या एका मुलीनं त्याला शेळी राखायला दिली. ती त्यानं हरवली आणि परत आणली. मी त्याला मुंबईला पाठवायचा प्रयत्न केला. ‘समुद्रकिनारी मुरलीधर’ असा विषयच दिला. नीलम्माच्या प्रतिसादात मुरलीधर गावच्या तळ्याकाठी उभा राहिला, समुद्र असाच असणार असं त्यानं ठरवलं आणि जेवायला परत आला.

तपासणी जवळ आली तशी माझी झोप उडाली. साहेब कादंबरीचा शेवट विचारणार आणि माझा वर्ग शेळीची हकिगत सांगणार. मी नीलम्माला बाजूला घेतलं आणि मुरलीधरला आता मुंबईला जाऊ दे, असं समजावलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

“मी सोडते, बाई. आई सोडंना.”

तेव्हा कळलं ते असं. रोज संध्याकाळी आई, गंगम्मा, भाकरी थापायची आणि नीलम्मा तिला कानडीत गोष्ट सांगायची. गोष्ट कुठवर न्यायची ते गंगम्मा ठरवायची.

म्हणून एका रविवारी, विज्ञानाची पदवी घेतलेली मी, एका कादंबरीतल्या मुलाला जाऊ द्या अशी विनंती करायला होटगीला गेले.

लिंब होता, तांबडा पत्रा होता. गंगम्मानं आधी “ऊटा माडरी”, जेवा, म्हणून ताट वाढलं आणि जेवण होईपर्यंत कामाचं बोलूच दिलं नाही. मी ताटात हात धुतले, ताट तिनं उचललं. मग मी विषय काढला. ती नीट ऐकत होती. मुंबईत त्याचं कोण आहे, असं तिनं विचारलं. कुणी नाही, पण त्याला खोली मिळते, असं मी म्हटलं. भाडं किती? कादंबरीत दिलेलं नाही. जेवायचं काय करतो? बरेचदा करत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की उपाशी ठेवणारी मीच आहे असं मला वाटू लागलं. शेवटी मी हळूच म्हणाले, की तो खरा नाही, पुस्तकातला आहे.

“ठावं हाय की, बाई,” गंगम्मा म्हणाली. “पुस्तकातला हाय म्हणून काय उपाशी ठेवायचं व्हय?”

मी माझं खरं काम सांगून टाकलं: साहेब येणार आहेत, मुरलीधर मुंबईला पोचला नाही तर माझी नोकरी जाईल. गंगम्मा विचारात पडली. लेकीशी कानडीत काहीतरी बोलली. मग म्हणाली, की हरकत नाही, आता तो जाण्याजोगा झालाय. पहिल्यांदा आला तेव्हा पाहुण्यासारखा ताट ठेवून उठायचा. परवापासून आपलं ताट आपण उचलून धुतो, कुणाला सांगावं लागत नाही. मोठा झालाय. जाऊ दे.

तपासणीच्या दिवशी नीलम्मा फडक्यात बांधलेली भलीमोठी शिदोरी घेऊन आली. तिनं ती टेबलावर काड्यापेट्यांच्या स्टेशनाशेजारी ठेवली. मी काही बोलायच्या आत साहेब आणि सर वर्गात शिरले.

साहेबांनी कादंबरी वाचलेली होती, हे माझं दुर्दैव. त्यांनी सरळ विचारलं, की नायक मोठा केव्हा झाला. मी पढवलेला सिद्धाराम उठला, ‘समुद्र’ म्हणाला आणि तिथेच अडकला. मग सबंध वर्ग एकदम म्हणाला, “ताट धुतलं तवा!”

सरांनी डोळे मिटले. साहेबांनी कुठलं ताट, असं विचारलं. नीलम्मानं सगळं सांगितलं: लहान रूळ, चुकलेली गाडी, तळं, शेळी, ताट. मध्ये कुणीतरी शेळी दोनदा हरवली होती अशी दुरुस्ती केली. साहेबांनी मातीचा मुरलीधर उचलला आणि तो बराच जड असल्याचं सांगितलं. वजनाची नोंद हवी असल्यास माझ्याकडे आहे, असं मी म्हणाले. मला काहीतरी म्हणणं भाग होतं.

मग त्यांनी शिदोरीकडे बोट दाखवलं.

“मुरलीची हाय, साहेब,” नीलम्मा म्हणाली. “आज निघणार हाय त्यो. वाटंत लागंल.”

“आणि तो खाणार कसा?”

“तेच आईला इचारलं. ती म्हणली, कुणीतरी भुकेलं असंलच की तितं.”

साहेब पहाटेच्या गाडीनं आले होते. सरांनी त्यांच्यासाठी बुंदी, पुरी, बटाट्याची भाजी असा बेत ठेवला होता. साहेबांनी ऑफिसात बसून मुरलीधरची कडक भाकरी मोडली, चटणीवर तेल घेतलं, दही घेतलं आणि तास कसा झाला याबद्दल चकार शब्द न काढता पुन्हा भाकरी मोडली. सर बुंदीचं ताट हातात धरून उभे होते. जेवण झालं तेव्हा शिपाई ताट उचलायला वाकला. साहेब त्याला थांब म्हणाले. त्यांनी स्वतःचं ताट उचललं, दारातून बाहेर गेले आणि मुलांच्या नळावर जाऊन धुऊ लागले. सर टॉवेल घेऊन त्यांच्यामागे धावले. नववीचा वर्ग खिडकीत गोळा झाला होता. टाळ्या वाजवू नका, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाजवल्या.

जूनमध्ये मी कायम झाले. साहेबांच्या शेऱ्यात माझी फार स्तुती होती. त्यामुळे माझी नेमणूक मराठीची शिक्षिका म्हणून झाली, आणि बाळंतपणाहून परतलेल्या रंभाबाईंना विज्ञान देण्यात आलं. त्या माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. चूक आहे, असं मी सरांना सांगायला गेले. त्यांनी मला पुण्याचा नवा कागद दिला.

त्या रविवारी मी होटगीला बातमी सांगायला गेले. मुरलीधर मुंबईला सुखरूप पोचल्याचं गंगम्माला आधीच कळलं होतं. नीलम्मानं त्याचं पत्र वाचून दाखवलं होतं. जेवण झाल्यावर मी माझं ताट उचललं, मागच्या मोरीवर नेलं, राख लावून घासलं आणि धुऊन आणलं. गंगम्मानं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि पुन्हा धुतलं.