ते नाव मी घेणार नाही

मित्रांनो, मी नकाशे काढायचा एक जुना लाकडी फळा आहे. सध्या देसबा नावाच्या नवाहो बाईच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्याचं दार झालोय. हसू नका. एके काळी तिपाईवर बसून मी अमेरिकेतल्या या लाल घळीकडे मोठ्या ऐटीत बघायचो.

हॅलोरनसाहेब माझ्यावर कागद ताणून एकेक कडा रेखायचे. वाट दाखवायला देसबाचा नवरा असे. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो मला खेचरावर इतक्या मायेनं बांधायचा, की मला कधी ओरखडाही आला नाही.

घळीचं नवाहो, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं, नाव साहेबांच्या जिभेवर बसेना. त्यांनी तिला वाटाड्याचंच नाव देऊन टाकलं. तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "अख्खी घळ माझी झाली. आता तरी भाकरी मोठी दे."

"घळच खा," देसबा म्हणाली.

त्याच नकाशावर बोट ठेवत युरेनियम शोधणारे आले. खाण निघाली. तो खाणीत कामाला लागला, तिथली धूळ छातीत भरली आणि खोकून खोकूनच गेला.

आमच्या नवाहो घरांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. हाक ऐकून तो मागे फिरेल, अशी धास्ती असते. पण ट्रकवाले दिवसभर दारात येऊन तेच नाव घेत घळीची वाट विचारायचे. देसबा कानांवर हात ठेवायची.

पुढे नकाशे विमानातून निघू लागले, माझं काम संपलं. साहेब मला तिच्या दारात टाकायला आले. लेक इर्मा दुभाषी झाली.

"साहेब, आई म्हणते, ते नाव पुसा."

"अगं, तो त्याचा मान आहे."

"आई म्हणते, मग तुमचं घाला. तुम्ही जिवंत आहात."

"छापलेलं आता बदलत नाही, बाळ."

साहेब गेले. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय, त्यामुळे ते नाव माझ्या अंगावरही उमटलं होतं. इर्मानं ते दाखवलं. देसबानं सुरा आणून मला खरवडलं. माझा गुळगुळीत चेहरा गेला, पण तिचा मला राग आला नाही. राग आहे तो त्या छापलेल्या नकाशाचा. तिथवर तिचा सुरा पोचत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणणार नाही. मला ऊन खातंय, खाऊ दे. कुणाच्या भूमीला नाव देण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, एवढंच.

परवा एका ट्रकवाल्यानं पुन्हा ते नाव घेऊन वाट विचारली. आमच्याकडे दिशा बोटानं नाही, ओठांनी दाखवतात. देसबानं ओठ पुढे काढून त्याला उलटी दिशा दाखवली.